पदवीनंतरचे पहिले भाड्याचे घर : कायदा, बाजार आणि अनामत

विद्यापीठाचे शिक्षण संपवून नोकरीच्या गावी पहिले घर भाड्याने घेणे हा तरुणांच्या आयुष्यातला बहुधा पहिलाच असा व्यवहार असतो, ज्यात मोठी रक्कम, कायदेशीर दस्तऐवज आणि अनोळखी माणूस या तिन्ही गोष्टी एकाच वेळी समोर येतात. तरीही महाराष्ट्रातील शिक्षणव्यवस्था, गृहनिर्माण धोरण आणि भाडेविषयक कायदा या तिघांनीही या टप्प्याकडे स्वतंत्र प्रश्न म्हणून क्वचितच पाहिले आहे. विद्यार्थी असेपर्यंत राज्याचा हात काही प्रमाणात पाठीशी असतो. वसतिगृहांची परंपरा तर या प्रदेशात जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या वसतिगृहापासून तिची एक ठळक रेषा काढता येते. आजही वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अशा तरतुदी आहेत. या सगळ्यांचा लाभ विद्यार्थी या नात्याने मिळतो आणि ते नाते संपताच थांबतो. म्हणजे ज्या महिन्यात भाडे, अनामत आणि दलाली एकदम भरावी लागते, नेमक्या त्याच महिन्यात आधार सुटतो. पुढचे सारे बाजारावर सोपवलेले असते आणि हा बाजार कसा घडला हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा हा युद्धोत्तर टंचाईतून जन्मलेला होता. त्याने ‘प्रमाण भाडे’ ही संकल्पना केंद्रस्थानी ठेवली. प्रमाण भाडे म्हणजे मालकाला कायद्याने आकारता येणारे कमाल भाडे, आणि जुन्या इमारतींच्या बाबतीत ते १ सप्टेंबर १९४० रोजी असलेल्या भाड्यावर गोठवले गेले. भाडेकरूला बाहेर काढणे अवघड आणि भाडे वाढवणे जवळजवळ अशक्य अशा या व्यवस्थेने गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतील लक्षावधी कुटुंबांना शहरात टिकवून धरले, हे मान्य करावेच लागते. पण त्याच व्यवस्थेने मालकांना दुरुस्तीपासून आणि नव्या घरांना भाड्याच्या बाजारापासून दूर नेले. उघड भाडे वाढवता येत नसल्याने ‘पागडी’, म्हणजे ताबा देताना मालकाने एकरकमी घ्यायची मोठी रक्कम, रूढ झाली. कायद्यातून वाट काढण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी परवान्याचा मार्ग धरला, तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. त्या दुरुस्तीने त्या दिवशी घरात असलेल्यांचे भले झाले; पण ‘एकदा घर दिले की ते गेले’ ही भीती मालकवर्गात कायमची रुजली आणि तिची किंमत नंतरच्या पिढ्यांतील भाडेकरू आजही मोजत आहेत. १९४० च्या पातळीवर गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अन्यायकारक ठरले आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात डिसेंबर १९९७ मध्ये दिला, आणि त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

आजचा पदवीधर ज्या कागदावर सही करतो तो जवळजवळ नेहमी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे अनुज्ञप्तीचा करार असतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ नुसार अनुज्ञप्ती म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत एखादी गोष्ट करण्याची अशी परवानगी, जिच्यामुळे त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात मात्र ठरावीक मुदतीपुरता का होईना, मालमत्तेतला हितसंबंध हस्तांतरित होतो. बोलताना सगळेच ‘भाडे’ आणि ‘भाडेकरू’ म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने राहणारा असतो परवानाधारक आणि तो देतो ते परवाना शुल्क. मुदत संपल्यावर परवानाधारकाने घर सोडले नाही, तर १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ नुसार मालकाला ‘सक्षम प्राधिकाऱ्या’कडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून संक्षिप्त पद्धतीने ताबा मिळवता येतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी शुल्काच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. मालकाच्या जुन्या भीतीवर कायद्याने दिलेले हे उत्तर आहे आणि ते बरेच परिणामकारक ठरले. पुण्या-मुंबईत तरुणांना भाड्याने मिळणारी घरे याच तरतुदीच्या भरवशावर बाजारात आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

अकरा महिन्यांची मुदत हा या करारांतील सर्वांत रूढ आणि सर्वांत गैरसमजाचा भाग आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे असल्याने देशभर अकरा महिन्यांचा कागद करून नोंदणी टाळण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट बंद आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार निवासी जागेचा भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ती न पाळल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि नोंदणी नसताना वाद उद्भवला तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून दिलेला कागद ही गरज भागवत नाही, हे अनेक सुशिक्षित तरुणांना आणि त्यांच्या पालकांनाही ठाऊक नसते. शिवाय नोंदणीकृत करार हा पत्त्याचा पुरावा असतो. बँकेत, गॅस जोडणीसाठी आणि नव्या गावी मतदारयादीत नाव नोंदवताना तो कामी येतो. कराराविना राहणारा तरुण त्या शहराच्या नोंदीत दिसतच नाही.

नोंदणी टाळण्यामागे खर्चाचे कारण पुढे केले जाते, तेव्हा तो खर्च मांडून पाहणे उपयोगी ठरते. पुण्यात वाकड किंवा खराडीसारख्या भागात तिघा मित्रांनी मिळून महिना ३०,००० रुपयांचा टू-बीएचके घेतला, अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी, म्हणजे ९०,००० रुपये ठरली आणि करार अकरा महिन्यांचा झाला, असे समजू. अकरा महिन्यांचे शुल्क ३,३०,००० रुपये होते. परत करावयाच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने मानीव व्याज धरायचे असते, ते अकरा महिन्यांचे ८,२५० रुपये. या एकूण ३,३८,२५० रुपयांवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ८५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. तिघांत वाटल्यास माणशी सहा-सातशे रुपये पडतात. दलाल किंवा सेवा पुरवणारा घरी येऊन अंगठ्याचे ठसे आणि छायाचित्र घेतो त्याचे वेगळे पैसे लागतात, पण नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सुविधेमुळे हे काम दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांग न लावताही होते. खरा बोजा दुसरीकडे आहे. ९०,००० अनामत, एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली ३०,००० आणि पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे ३०,००० मिळून दीड लाख रुपये घराची किल्ली हातात पडण्याआधी मोजावे लागतात. माणशी ५०,००० झाले. मोठ्या आयटी कंपन्यांत नवोदितांचा वार्षिक पगार बरीच वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे, आणि हातात येणारी रक्कम त्याहून कमीच असते. म्हणजे पहिला पगार खात्यावर जमा होण्यापूर्वीच दोन पगार खर्ची पडलेले असतात. गादी, शेगडी, बादल्या यांचा हिशेब वेगळा. ही रक्कम ज्याच्या घरून येऊ शकते तो कंपनीजवळ राहतो. ज्याच्या घरून येत नाही तो कॉट शोधतो.

कॉट बेसिस ही पुण्याच्या पेठांची खास व्यवस्था आहे. सदाशिव आणि नारायण पेठेत, जिथे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका दाटीने आहेत, एका खोलीत तीन-चार लोखंडी खाटा, प्रत्येकाला एक कप्पा, सामाईक मोरी आणि बाहेरून लावलेला डबा किंवा मेस अशा रचनेत पदवीधर वर्षानुवर्षे राहतात. भाडे खोलीचे नसून खाटेचे असते. या वस्तीचे नाते मुंबईच्या गिरणगावाशी जोडता येते, जिथे कोकणातल्या एकेका गावाने चाळीत सामाईक खोली घेतली होती आणि गावातून येणारा तरुण पाळीनुसार तिथे पथारी पसरत असे, जेवण खानावळीत घेत असे. फरक एवढा की गावाच्या खोलीत नवख्याच्या मागे गावकीचे मंडळ उभे असे, त्याच्याकडे मोठी अनामत मागितली जात नसे; कॉटवरच्या तरुणाच्या मागे कोणीच नसते. बहुतेक ठिकाणी त्याला करारही मिळत नाही, पावती मिळाली तर मिळाली.

‘पीजी’ या नावाखाली चालणाऱ्या जागांची स्थितीही फार वेगळी नाही. भाडे नियंत्रण कायद्यातील व्याख्येनुसार पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहत असलेल्या जागेचा काही भाग अनुज्ञप्तीवर वापरणारी, कुटुंबाबाहेरची व्यक्ती. विमाननगर, हिंजवडी किंवा पवईतील आजच्या बहुतांश पीजींत मालक राहतच नाही. आख्खी इमारत कोणीतरी चालवायला घेतलेली असते. व्याख्येतला पाहुणा आणि प्रत्यक्षातला राहणारा यांच्यात पडलेल्या या अंतरामुळे पीजीतील माणूस ना घरगुती पाहुणा ठरतो, ना नोंदणीकृत परवानाधारक. करआकारणीपुरता हा प्रश्न काहीसा सुटला आहे: जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला सूट देण्याची शिफारस केली व ती अमलात आली. राहणाऱ्याच्या हक्कांबाबत मात्र असा कोणताही स्पष्ट निर्णय झालेला नाही.

घर पसंत पडले, पैसे जमले, तरी सोसायटीचे फाटक उरते. ‘बॅचलरला देत नाही’ हे वाक्य पुण्या-मुंबईत इतके सहज उच्चारले जाते की तो एखादा नियमच असावा असे नव्या माणसाला वाटते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत अविवाहितांना मनाई करणारी तरतूद नाही. सदस्याने सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर देताना संस्थेला आगाऊ कळवायचे असते आणि कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सादर करायची असते, संस्थेच्या परवानगीची अट नाही. संस्था आकारते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे सदस्य स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, हेही राज्य सरकारच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि ते सदस्याने द्यायचे असते. तरीही सर्वसाधारण सभेत ठराव करून बॅचलरांना बंदी, मुलींना रात्री दहाची वेळ, पाहुण्यांना मज्जाव असे नियम केले जातात. त्याविरुद्ध उपनिबंधकाकडे दाद मागण्याचा मार्ग सदस्यासाठी आहे. ज्याला घर नाकारले गेले तो मात्र सदस्यच नसतो. पोलिसांकडील नोंदीबद्दलही असाच घोळ आहे. पोलीस आयुक्तांच्या आदेशांनुसार भाडेकरूची माहिती कळवण्याचे दायित्व मालकावर असते आणि ते ऑनलाइन पार पाडता येते, पण व्यवहारात तरुणालाच ‘पोलीस सर्टिफिकेट’ आणायला पिटाळले जाते.

जात आणि धर्म यांचा अडसर याहून खोल आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरात केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच प्रकारच्या चौकशीला दलित आणि मुस्लिम नावांच्या उमेदवारांना उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत ठळकपणे अधिक नकार मिळाला आणि त्यातही मुस्लिमांची स्थिती सर्वांत बिकट होती, असे दिसून आले. महाराष्ट्राची शहरे याला अपवाद आहेत असे मानण्याजोगा आधार दिसत नाही. संविधानातील भेदभावविरोधी हमी मुख्यतः राज्यसंस्थेवर बंधनकारक आहे, खाजगी घरमालकावर नाही. आणि झोरोअॅस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. घर नाकारताना कारण सांगण्याचीही सक्ती नसल्याने, समान शिक्षण आणि समान पगार असलेल्या दोघांपैकी एकाला पहिल्या आठवड्यात घर मिळते आणि दुसरा महिनाभर फिरतो. लोकशाही शहरांना हे शोभणारे नाही, आणि भाड्याच्या घरांतील भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायद्याची गरज यातून स्पष्ट होते.

ही टंचाई केवळ घरे कमी असल्याची नाही. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने नोंदवले होते की शहरी कुटुंबांत भाड्याने राहणाऱ्यांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले, आणि त्याच वेळी शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी होती, त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक होता. करार अमलात आणण्यातल्या अडचणी आणि घराच्या किमतीच्या मानाने तुटपुंजे भाडे ही त्यामागची प्रमुख कारणे. गुंतवणूक म्हणून घेतलेले घर कुलूप लावून ठेवणे मालकाला परवडते, कारण त्याची कमाई किंमतवाढीतून होते. सरकारी भाडेघरांचे प्रयोगही फारसे टिकले नाहीत. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोल्यांची भाडेतत्त्वावरील योजना आणली. पुढे तिचे स्वरूप बदलले आणि पनवेलजवळच्या कोन येथील घरे गिरणी कामगारांना मालकीने देण्यात आली. कामगारांना घर मिळाले ते योग्यच. पण भाड्याची घरे बांधून ती भाड्याचीच ठेवण्याचे काम मागे पडले. केंद्राची २०२० ची परवडणाऱ्या भाडेसंकुलांची योजना, नोकरदार महिलांसाठीची वसतिगृहे (आता ‘सखी निवास’), आणि विद्यार्थी व नोकरदार महिलांच्या भाडेघरांचा उल्लेख करणारे राज्याचे २०२५ चे गृहनिर्माण धोरण ही पुढची पावले आहेत. गरजेच्या मानाने त्यांचा आवाका अजून लहान आहे.

या सर्व प्रश्नांत तातडीने सुटू शकणारा आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित प्रश्न अनामतीचा आहे. पुण्यात ती साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी, मुंबईत तीन ते सहा महिन्यांची, तर बंगळूरुत कित्येक वर्षे दहा महिन्यांची प्रथा होती; महाराष्ट्रात तिला कायदेशीर मर्यादा नाही. ती मालकाच्या खात्यात बिनव्याजी पडून राहते आणि घर सोडताना रंगकाम, साफसफाई, भिंतीला पडलेली खिळ्यांची भोके, लॉक-इनचा (ठरावीक काळापूर्वी घर न सोडण्याच्या अटीचा) भंग अशा नावांखाली तिच्यातून महिनाभराचे भाडे सर्रास कापले जाते. इथे कायद्यातली विषमता उघडी पडते. मालकाला घर परत हवे असेल तर त्याच्यासाठी सक्षम प्राधिकारी आहे, संक्षिप्त कार्यपद्धती आहे, दुप्पट भरपाई आहे; राहणाऱ्याला ३०,००० रुपयांची अनामत परत हवी असेल तर त्याच्यासाठी असा कोणताही जलद मंच नाही, दिवाणी दाव्याची वाट आहे, आणि तोपर्यंत त्याची बदली दुसऱ्या शहरात झालेली असते. मालक हे जाणून असतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे, ताबा परत देतेवेळीच देय रकमा वजा करून ती परत करायची आहे आणि वादांसाठी भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय व न्यायाधिकरण अशी तीन पायऱ्यांची रचना सुचवली आहे. मालकाला घरात येण्यापूर्वी २४ तासांची सूचना देण्याचे बंधनही त्यात आहे. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतला असल्याने तो राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही. जुन्या भाडेकरूंच्या संरक्षणाची चिंता महाराष्ट्रात रास्त आहे, परंतु पागडीच्या चाळींचा प्रश्न आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या तरुणांचा प्रश्न हे दोन निराळे प्रश्न आहेत; पहिल्याला हात न लावता दुसरा सोडवता येतो. इंग्लंडमध्ये २००७ पासून अनामत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवावी लागते आणि २०१९ पासून बहुतेक घरांसाठी ती पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे; तिथे शिकायला गेलेले मराठी विद्यार्थी ही सोय वापरतात आणि परतल्यावर इथे त्यांना तीन महिन्यांची रक्कम तोंडी विश्वासावर द्यावी लागते. महाराष्ट्रात नोंदणीची संगणकीकृत यंत्रणा आधीच उभी आहे, प्रत्येक करारातील अनामतीचा आकडा सरकारकडे नोंदलेला आहे. त्याच नोंदीला अनामतीची कमाल मर्यादा, परतफेडीची मुदत आणि राहणाऱ्यालाही अर्ज करता येईल असा सक्षम प्राधिकारी जोडणे हे १९९९ च्या अधिनियमातील मर्यादित दुरुस्तीने साध्य होण्याजोगे आहे, आणि राज्य सरकारने ते करायलाच हवे.

तोवर सावधगिरी हाच तरुणांचा आधार आहे. जागा प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज टोकन, म्हणजे घर राखून ठेवण्यासाठीची आगाऊ रक्कम, देऊ नये. लष्करी अधिकारी असल्याचे भासवून ऑनलाइन पैसे उकळण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. एकत्र राहणाऱ्या सर्वांची नावे करारात असावीत, कारण एकाच्याच नावे करार असेल तर तो सोडून गेल्यावर उरलेल्यांना हक्क सांगता येत नाही. अनामत बँकेमार्फत द्यावी, रंगकामाची आणि कपातीची अट करारात आकड्यासह लिहून घ्यावी, आणि ताबा घेतानाच भिंती, नळ, मीटरचे आकडे यांची छायाचित्रे काढून मालकाला पाठवून ठेवावीत. करार नोंदवून देणे हे मालकाने केलेले उपकार नसून कलम ५५ नुसार त्याच्यावर असलेले बंधन आहे. नोंदणीला नकार देणाऱ्या मालकाच्या हाती अनामत देऊ नये.